स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चची बाप्तिस्मा-कुंडे

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेचे साल, देणगीदारांची नावे, अध्यक्ष-कार्यवाहांची यादी आणि कोनशिलेचे छायाचित्र असा साचा ठरून गेला आहे. इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावच्या होली ट्रिनिटी चर्चचा इतिहास त्या साच्यातही सहज बसेल. साधारण १२१० पासून उभी असलेली वास्तू, तिला हातभार लावणारे बिशप आणि डीन, आणि वेदीसमोर पुरलेला जगप्रसिद्ध नाटककार, एवढ्यावर कित्येक पाने भरतील. इथे मात्र हा इतिहास एका वस्तूच्या अंगाने सांगायचा आहे. ती वस्तू म्हणजे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देण्याचे दगडी कुंड.

बिशप, डीन आणि जमीनदार यांचा वावर चर्चच्या मानाच्या जागी असे. कुंडाशी मात्र गावातल्या प्रत्येक घराचा संबंध आला. हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा, खाटकाची मुलगी, नगरशेठचा नातू, सगळे त्याच पाण्यातून गेले. शिवाय इंग्लंडमध्ये राजा बदलला, धर्ममत बदलले, की चर्चमधल्या ज्या वस्तूंवर हुकूम सुटत त्यांत हे कुंड हमखास असे. त्यामुळे गादीवरच्या उलथापालथी गावात नेमक्या कशा पोहोचल्या, हे कुंडाच्या हकिगतीतून चांगले कळते.

होली ट्रिनिटीमध्ये आज दोन कुंडे आहेत. एक मध्ययुगीन, फुटके, वेदीच्या भागात जपून ठेवलेले. दुसरे एकोणिसाव्या शतकात जुन्याबरहुकूम घडवलेले आणि आजही वापरात असलेले. या दोहोंच्या मधल्या काळात जुने कुंड चर्चच्या बाहेर होते. ते बाहेर का गेले आणि परत का आले, हाच या लेखाचा विषय.

गाव, नदी आणि चर्च

इ.स. ८४५ च्या एका सनदेत स्ट्रॅटफर्डच्या मठाचा उल्लेख येतो. आजचे चर्च त्याच जागी असावे असे मानतात. एव्हन नदीच्या काठी, बाजारपेठेपासून दूर असे हे चर्च का, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. उत्तर असे की जुने गाव तिथेच होते. वूस्टरच्या बिशपने ११९६ मध्ये राजा पहिला रिचर्ड याच्याकडून बाजाराचा परवाना मिळवला आणि नव्या पेठा थोड्या अंतरावर आखल्या. पेठ वाढली, चर्च जुन्या वस्तीत राहिले. बाप्तिस्मा आणि दफन या दोन्हींसाठी पेठेतल्या माणसाला नदीकडे चालत यावे लागे.

गावचा सुपुत्र जॉन द स्ट्रॅटफर्ड पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. त्याने १३३१ मध्ये इथे मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या धर्मगुरूंची नेमणूक केली. त्याचा पुतण्या राल्फ हा लंडनचा बिशप. त्याने या धर्मगुरूंसाठी निवास बांधून दिला. पुढे या व्यवस्थेला 'कॉलेज'चा दर्जा मिळाला. कॉलेजचा प्रमुख, म्हणजे डीन, टॉमस बॉल्शल याने १४६५ ते १४९१ या काळात वेदीचा संपूर्ण भाग नव्याने बांधला. फुटके कुंडही याच पंधराव्या शतकाच्या घडणीचे आहे.

सहाव्या एडवर्डच्या काळात अशी कॉलेजे बरखास्त झाली. १५५३ च्या सनदेने गावाला नगरपालिका मिळाली आणि कॉलेजची मिळकत, म्हणजे धान्याच्या दशमांशाचे उत्पन्न, तिच्याकडे आले. बदल्यात व्हिकरचा वर्षाचा २० पौंड पगार नगरपालिकेने द्यायचा, असे ठरले. म्हणजे कुंडाशी उभा राहून बाप्तिस्मा देणारा धर्मगुरू आता गावच्या पैशावर होता. दशमांशाचे हक्क पुढे पट्ट्याने विकले जाऊ लागले. विल्यम शेक्सपिअरने १६०५ मध्ये त्यांतला एक वाटा ४४० पौंडांना घेतला. वेदीच्या भागात त्याला दफनाची जागा मिळाली ती या हक्कापोटी. नाटके लिहिल्याबद्दल ती मिळाली, हा समज चुकीचा आहे.

कुंडाची घडण आणि कुलूप

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा देण्याचा हक्क हीच पॅरिश चर्चची ओळख होती. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या देखरेखीखालची हद्द. त्या हद्दीतल्या मुलाचा बाप्तिस्मा तिथल्याच कुंडात व्हायचा. म्हणून चर्च कितीही गरीब असले तरी कुंड दगडाचे आणि भरभक्कम असे. त्याची जागाही ठरलेली, पश्चिम टोकाला, दाराजवळ. बाप्तिस्मा हा मंडळीत प्रवेश, तेव्हा कुंडही प्रवेशाशी.

आकार मोठा असण्याचे कारण व्यावहारिक होते. मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडत नसत, अख्खे मूल पाण्यात बुडवत. आतून शिशाचा पत्रा मारलेला असे, तळाला भोक असे, आणि वापरलेले पाणी त्या भोकातून थेट जमिनीत जाई, म्हणजे कुणाच्या हाती लागू नये. बाराव्या शतकातली कुंडे बहुधा गोल किंवा चौकोनी असत. पंधराव्या शतकात आठ पैलूंच्या कुंडांची चाल पडली. सृष्टीच्या निर्मितीचे सात दिवस आणि पुनरुत्थानाचा आठवा, असा त्या आठाचा अर्थ लावला जाई.

इंग्लंडभर या कुंडांवर दगडकामाचे केवढे कौशल्य खर्ची पडले, हे पाहण्यासारखे आहे. कंब्रिया परगण्यातल्या ब्राइडकर्कच्या बाराव्या शतकातल्या कुंडावर रिकार्थ नावाच्या कारागिराने रून लिपीत आपले नाव कोरले आणि हातात छिन्नी-हातोडा घेतलेली आपली आकृतीही. बेल्जियममधल्या तुर्ने इथल्या काळ्या दगडाची कोरीव कुंडे समुद्रमार्गे आली. विंचेस्टर आणि लिंकनच्या कॅथीड्रलांत ती आजही आहेत. केंटमधल्या ब्रुकलंड गावच्या शिशाच्या कुंडावर बारा राशी आणि बारा महिन्यांची शेतीची कामे ओळीने दाखवली आहेत. नॉरफोक आणि सफोक परगण्यांत तर आठ पैलूंपैकी सातांवर सात संस्कार कोरण्याची प्रथाच पडली. स्ट्रॅटफर्डचे कुंड या मानाने साधे. त्याचे मोल कोरीव कामात शोधू नये.

कुंडात पाणी रोज बदलत नसत. ईस्टर आणि पेंटेकॉस्ट या सणांच्या आदल्या दिवशी ते मंत्रून भरत आणि मग आठवडेच्या आठवडे तसेच ठेवत. असे पाणी चोरून नेऊन लोक जादूटोण्यासाठी, गुराढोरांच्या आजारावर, पिकावर शिंपडायला वापरत. कँटरबरीचा आर्चबिशप एडमंड याने १२३६ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक कुंडाला झाकण आणि कुलूप हवे. इंग्लंडच्या अनेक जुन्या कुंडांच्या काठावर आज दोन बाजूंना तुटलेल्या खाचा दिसतात. त्या या कुलपाच्या लोखंडी कड्यांच्या. पुढे या झाकणांनाच डौल आला. सफोकमधल्या अफर्ड चर्चचे लाकडी झाकण सुमारे १८ फूट उंच आहे. १६४४ मध्ये मूर्ती फोडायला नेमलेला विल्यम डाउसिंग तिथे गेला, तेव्हा त्यालाही त्याच्या देखणेपणाची नोंद करावी लागली. ते झाकण वाचले.

एका घरातले दोन विधी

स्ट्रॅटफर्डच्या कुंडाने धर्मक्रांती कशी पाहिली, हे हेन्ली स्ट्रीटवरच्या जॉन शेक्सपिअरच्या घरातल्या नोंदींवरून कळते. जॉन हातमोजे शिवणारा, पुढे नगरपालिकेतला पदाधिकारी. त्याची पहिली मुलगी जोन हिचा बाप्तिस्मा १५ सप्टेंबर १५५८ ला झाला. तेव्हा गादीवर कॅथलिक राणी मेरी होती. म्हणजे विधी लॅटिनमध्ये. चर्चच्या दारातच मुलीच्या तोंडात मीठ ठेवायचे, भूत काढण्याचे मंत्र म्हणायचे, तेल लावायचे, मग तीनदा पाण्यात बुडवून पांढरे वस्त्र गुंडाळायचे, असा तो भरगच्च सोहळा.

दोन महिन्यांनी मेरी वारली. एलिझाबेथ आली, आणि १५५९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक पुन्हा लागू झाले. जॉनचा मुलगा विल्यम याचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४, बुधवारी झाला. व्हिकर होते जॉन ब्रेचगर्डल. कुंड तेच, पण मीठ गेले, तेल गेले, मंत्र गेले. इंग्रजी प्रार्थना, पाणी आणि कपाळावर क्रुसाची खूण एवढेच उरले. ही खूणसुद्धा कडव्या सुधारकांना खुपत होती. १६०३ मध्ये त्यांनी नव्या राजाकडे दिलेल्या अर्जात तिच्यावरही हरकत घेतली.

विधीच्या वेळी आई बहुधा हजर नसे. बाळंतपणानंतर महिनाभराने तिच्यासाठी आभारप्रार्थनेचा वेगळा विधी असे. तोवर ती घरीच. मुलाला कुंडाशी नेत ते धर्ममातापिता. मुलगा असेल तर दोन धर्मबाप आणि एक धर्मआई, मुलगी असेल तर उलट. नावही अनेकदा त्यांचेच ठेवत. विल्यमच्या जुळ्या मुलांचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये २ फेब्रुवारी १५८५ ला झाला. त्यांची हॅम्नेट आणि ज्युडिथ ही नावे शेजारच्या सॅडलर दांपत्याची.

त्याच सुमाराची आणखी एक नोंद बोलकी आहे. गावातल्या गिल्ड चॅपेलच्या भिंतींवर जुनी धार्मिक चित्रे होती. ती पुसून टाकण्यासाठी २ शिलिंग खर्च पडल्याची नोंद १५६४ च्या जानेवारीत सादर झालेल्या नगरपालिकेच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब जॉन शेक्सपिअरच्या कारकिर्दीतला आहे. म्हणजे बापाने चित्रांवर चुना फासल्याचा हिशेब दिला आणि तीनेक महिन्यांनी मुलाला जुन्याच कुंडाशी पाठवले. चित्र पुसले तरी गावाचे अडत नव्हते, कुंडावाचून अडले असते. सरकारलाही ते कळत होते. कुंड जुन्या जागेवरून हलवू नये, असा एलिझाबेथचा १५६१ चा हुकूम होता. १६०४ च्या चर्चच्या नियमांनी तर प्रत्येक चर्चमध्ये दगडी कुंड असलेच पाहिजे आणि ते पूर्वीच्या जागीच हवे, असे स्पष्ट केले.

नोंदवही

बाप्तिस्मा झाला की नाव वहीत चढवायचे, ही पद्धत कुंडाच्या मानाने नवी. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. हा नव्या कराचा डाव आहे, अशी तेव्हा लोकांना धास्ती वाटली होती. वह्या साध्या कागदाच्या असत. ओल, उंदीर आणि निष्काळजीपणा यांनी त्या खराब होऊ लागल्या.

मग १५९७ च्या धर्मसभेने ठराव केला आणि राणीने पुढच्या वर्षी त्याला मंजुरी दिली. जुन्या वह्या चर्मपत्रावर नकलून घ्याव्या, निदान राणी गादीवर आली त्या १५५८ पासूनच्या तरी, आणि दरवर्षीच्या नोंदींची प्रत बिशपकडे पाठवावी. इंग्लंडमधल्या कितीतरी गावांच्या नोंदी १५५८ पासूनच का मिळतात, याचे उत्तर या एका सवलतीत आहे. त्याआधीची वीस वर्षे नकलून काढायचा कंटाळा बहुतेकांनी केला.

स्ट्रॅटफर्डनेही १६०० च्या सुमारास नक्कल करून घेतली. तेव्हाचे व्हिकर रिचर्ड बायफील्ड यांनी पानोपानी सही केली. आज जी वही अस्तित्वात आहे ती ही नक्कल. तिच्यात विल्यमच्या बाप्तिस्म्याची एका ओळीची लॅटिन नोंद आहे आणि तीत बापाच्या नावाची विभक्ती चुकलेली आहे. मूळ कागदी वहीत चूक होती की नक्कल करणाऱ्याची, हा वाद अभ्यासकांना पुरून उरला आहे. जन्मतारीख मात्र वहीत नाही. २३ एप्रिल ही तारीख परंपरेने मानलेली. चर्चच्या लेखी मूल जन्मले केव्हा यापेक्षा कुंडाशी आले केव्हा, हे महत्त्वाचे.

वहीतली जवळपासची पाने वाचली की त्या काळचे जगणे समोर येते. १५६२ च्या डिसेंबरात बाप्तिस्मा झालेली शेक्सपिअरांची दुसरी मुलगी मार्गारेट १५६३ च्या एप्रिलअखेर दफन झाली. विल्यमच्या बाप्तिस्म्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच ११ जुलै १५६४ ला एका उमेदवार कारागिराच्या दफनाच्या नोंदीशेजारी, इथून प्लेग सुरू झाला, असा लॅटिन शेरा आहे. त्या वर्षी गावातली दोनशेहून अधिक माणसे गेली. जुळ्यांपैकी हॅम्नेट अकराव्या वर्षी वारला. त्याच्या दफनाची तारीख ११ ऑगस्ट १५९६.

१६१६ साल

शेक्सपिअरचे दफन २५ एप्रिल १६१६ ला झाले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला ज्युडिथचा पहिला मुलगा कुंडाशी आणला गेला. आजोबांचे आडनाव टिकावे म्हणून त्याचे नावच शेक्सपिअर क्वीनी ठेवले. सहा महिन्यांत तो गेला. त्याचे दोन धाकटे भाऊही तरुणपणीच, १६३९ मध्ये वारले. विल्यमची नात एलिझाबेथ हॉल हिलाही मूल झाले नाही. घराण्याची थेट रेषा तिथे संपली.

१६१६ हे साल आपल्याकडच्या वाचकालाही दोन कारणांनी जवळचे वाटेल. त्या वर्षी २२ डिसेंबरला लंडनच्या सेंट डायोनिस बॅकचर्च या पॅरिश चर्चमध्ये एका भारतीय तरुणाचा बाप्तिस्मा झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा पाद्री पॅट्रिक कोपलंड त्याला घेऊन आला होता. पीटर हे नाव त्याच्यासाठी खुद्द पहिल्या जेम्स राजाने निवडले. इंग्लंडमधल्या पॅरिश कुंडात भारतीयाचा बाप्तिस्मा झाल्याच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ही एक.

दुसरे कारण ख्रिस्तपुराण. गोव्यात राचोल इथे ते १६१६ मध्ये छापले गेले. त्याचे कर्ते फादर टॉमस स्टीफन्स इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात बुशटन इथे सुमारे १५४९ मध्ये जन्मलेले. पहिले इंग्रजी प्रार्थनापुस्तक लागू झाले ते १५४९ च्या पेंटेकॉस्टला, जूनमध्ये. म्हणजे इंग्लंडच्या पॅरिश चर्चांत बाप्तिस्म्याची भाषा बदलली, त्या सुमारास जन्मलेल्या मुलाने पुढे आपली जुनी श्रद्धा धरून देश सोडला, १५७९ मध्ये गोव्याला पोहोचला आणि मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा रचली. इंग्लंडमधल्या प्रार्थनेच्या भाषेचा झगडा असा फिरत फिरत मराठी वाङ्मयापर्यंत आला.

कुंडावर बंदी

इंग्लंडमध्ये यादवी पेटल्यावर पार्लमेंटात प्युरिटन, म्हणजे कडव्या सुधारकांच्या, मताचा जोर झाला. १६४४ च्या मे महिन्यातल्या फर्मानात वेद्या आणि मूर्तींबरोबर कुंडांचाही समावेश झाला. १६४५ च्या जानेवारीत प्रार्थनापुस्तक रद्द करून उपासनेची नवी मार्गदर्शिका आणली. तिच्यानुसार बाप्तिस्मा मंडळीसमोर व्हावा, पूर्वी जिथे दाराजवळ कुंडे असत तिथे होऊ नये. मग व्यासपीठाजवळ साधे भांडे ठेवून त्यातले पाणी वापरू लागले. अनेक गावांत कुंडे फोडली गेली. शिशाची कुंडे वितळवून त्यांच्या गोळ्या केल्या गेल्या. ऑक्सफर्डशायरमधल्या डॉर्चेस्टर ॲबीचे, प्रेषितांच्या आकृती असलेले बाराव्या शतकातले शिशाचे कुंड या काळातून शाबूत सुटले, हे नवलच.

१६५३ मध्ये तर वहीचा ताबाही धर्मगुरूंकडून गेला. गावाने निवडलेल्या नोंदणीदाराने बाप्तिस्म्याऐवजी जन्माची तारीख लिहावी असा कायदा झाला. म्हणजे कुंड आणि वही या दोन्ही गोष्टी चर्चच्या हातून एकाच दशकभरात सुटल्या.

१६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स परतला आणि चक्र उलटे फिरले. चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या चर्चवॉर्डनांनी घाईघाईने नवी कुंडे बसवली. १६६० ते १६६३ हे आकडे कोरलेली कुंडे इंग्लंडच्या गावोगावी दिसतात. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा वेगळा विधी आला. देशात वीस वर्षांच्या धामधुमीत अनेक मुले बाप्तिस्म्यावाचून वाढली होती आणि समुद्रापलीकडच्या वसाहतींत नव्या धर्मांतरितांसाठीही विधी हवा होता. त्याच साली स्ट्रॅटफर्डला जॉन वॉर्ड हे व्हिकर आले. वैद्यकीही करणाऱ्या या गृहस्थांच्या टिपणवह्यांत शेक्सपिअरविषयीच्या गावातल्या ऐकीव गोष्टी आहेत.

बाहेर पडलेले कुंड

कुंडे फुटली ती प्युरिटनांमुळे, असे सरसकट म्हटले जाते. पण शांततेच्या काळात ती जास्त संख्येने बाहेर पडली, आणि तीही चर्चच्या माणसांच्याच हातून. कारण विधी बदलला होता. मूल बुडवायचे दिवस गेले, ओंजळभर पाणी डोक्यावर ओतले की काम भागे. एवढ्यासाठी अवजड दगडी कुंड कशाला? अठराव्या शतकाच्या अभिरुचीला नाजूक खांबावरची छोटी संगमरवरी वाटी पसंत पडली. लंडनच्या पिकॅडिलीतल्या सेंट जेम्स चर्चचे कुंड या नव्या अभिरुचीची सुरुवात दाखवते. ते ग्रिनलिंग गिबन्सच्या नावावर आहे. खांब म्हणजे झाडाचे खोड, दोन बाजूंना आदाम आणि हव्वा. ११ डिसेंबर १७५७ ला कवी विल्यम ब्लेकचा बाप्तिस्मा तिथे झाला. त्या कुंडाचे झाकण पुढे चोरीला गेले आणि एका दारूच्या दुकानाबाहेर पाटी म्हणून टांगलेले होते, असे सांगतात.

स्ट्रॅटफर्डचे जुने कुंडही बाजूला पडले. नवे आले, आणि फुटलेले जुने गावातल्या एका आवारात पंपाखाली पाणी साठवायला गेले. असे करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण दगडाचा, पाणी धरणारा, आयता हौद मोडीत निघाला असेल तर गावात तो कुणीही उचलून नेईल. ग्लॉस्टरशायरमधल्या डीअरहर्स्टचे कुंड तर नवव्या शतकाचे, इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या कुंडांपैकी. त्याचा वरचा भाग शेतावर हौद म्हणून पडला होता आणि खांब दुसरीकडेच. दोन्हींवरची वळणदार नक्षी एकच आहे हे एकोणिसाव्या शतकात कुणाच्या तरी ध्यानात आले, म्हणून ते पुन्हा जुळले.

याच काळात स्ट्रॅटफर्डमध्ये शेक्सपिअरच्या नावाचा बाजार भरात होता. त्याच्या न्यू प्लेस या घराच्या बागेतले तुतीचे झाड घरमालक असलेल्या धर्मगुरूने १७५६ च्या सुमारास तोडले. त्या लाकडाच्या पेट्या, डब्या, पेले गावातल्या कारागिरांनी वर्षानुवर्षे विकले. त्याच मालकाने १७५९ मध्ये घरही पाडले. १७६९ मध्ये नट डेव्हिड गॅरिकने मोठा शेक्सपिअर महोत्सव भरवला. तुतीच्या चिपांना भाव होता आणि ज्या दगडाशी त्याचे नाव ठेवले गेले तो पंपाखाली भिजत होता.

परतीचा प्रवास

एकोणिसाव्या शतकात दोन प्रवाह एकत्र आले. एक, शेक्सपिअरची भक्ती आता जत्रेपुरती राहिली नाही. गावातले वकील रॉबर्ट बेल व्हेलर यांनी १८०६ मध्ये स्ट्रॅटफर्डचा इतिहास छापला आणि गावातली जुनी कागदपत्रे, खुणा, वस्तू शोधून टिपण्याची शिस्त आली. दुसरा प्रवाह चर्चच्या आतला. १८३९ मध्ये केंब्रिजच्या काही तरुण विद्यार्थ्यांनी कॅम्डेन सोसायटी काढली. जॉन मेसन नील हा त्यांचा पुढारी. मध्ययुगीन चर्च हाच आदर्श, असा त्यांचा आग्रह. कुंड दगडाचे, मोठे, दाराजवळ हवे. दगडी कुंडात चिनी मातीची वाटी ठेवून काम उरकणाऱ्या चर्चवॉर्डनांवर त्यांनी पत्रकांतून आसूड ओढले. १८४४ मध्ये एफ. ए. पेली यांचा बाप्तिस्मा-कुंडांचा सचित्र ग्रंथ आला आणि गावोगावचे लोक आपल्या अंगणातल्या हौदाकडे नव्या नजरेने पाहू लागले.

या वातावरणात स्ट्रॅटफर्डचे फुटके कुंड चर्चमध्ये परत आले. त्यात पुन्हा बाप्तिस्मा देता येईल अशी त्याची अवस्था नव्हती. म्हणून त्याच्याच घाटाचे नवे घडवले गेले. जुन्या आणि नव्याची अशी सोय लावणे त्या काळात सर्वत्र झाले नाही. अनेक चर्चांनी उत्साहाच्या भरात जुने खरवडून, घासून, नवीन करून टाकले. स्ट्रॅटफर्डने फुटका दगड फुटकाच ठेवला, हा त्या पिढीचा शहाणपणा मानला पाहिजे.

वहीचेही दिवस बदलले. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदी छापील नमुन्यात आल्या. १ जुलै १८३७ पासून इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंदणी सुरू झाली. माणूस जन्मला याचा पुरावा म्हणून चर्चच्या वहीची गरज उरली नाही. तेव्हापासून बाप्तिस्मा हा केवळ श्रद्धेचा विषय झाला.

आज

होली ट्रिनिटी आजही चालते पॅरिश चर्च आहे. जगभरचे लोक तिथे कबर पाहायला येतात आणि त्याच छताखाली गावातल्या मुलांचे बाप्तिस्मे होतात. जुनी वही शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टच्या ताब्यात सुरक्षित आहे आणि तिच्या पानांची प्रतिकृती चर्चमध्ये पाहायला मिळते. शेक्सपिअरच्या नाटकांवरून 'विकारविलसित' लिहिणाऱ्या आगरकरांच्या आणि 'झुंझारराव' रंगभूमीवर आणणाऱ्या देवलांच्या वाचक-प्रेक्षकांचे वारसही त्या रांगेत असतात. बहुतेकांचे पाय कबरीशी थांबतात. फुटके कुंड तिथून जवळच आहे.

या सगळ्या हकिगतीतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. कुंड दगडाचे होते, तरी ते फुटले, बाहेर गेले आणि हौद झाले. वही कागदाची होती, तरी तिच्यातला मजकूर टिकला, कारण १६०० च्या सुमारास कुणीतरी चर्मपत्रावर ती नकलून काढली आणि व्हिकरने पानोपानी सही केली. २६ एप्रिल १५६४ ची ती एक ओळ नसती, तर पंपाखालचा दगड परत आणायला कुणी गेले नसते. संस्थेच्या वस्तूंना किंमत येते ती त्यांच्याबद्दल लिहून ठेवलेल्या नोंदींमुळे.

आपल्याकडची चर्च, देवस्थाने, शाळा, वाचनालये, नाट्यमंडळे यांच्या कपाटांतही अशा वह्या आहेत. सभासदांची नोंद, हजेरीपट, इतिवृत्ते, खर्चाचे कागद. इमारतीच्या नूतनीकरणात पहिला बळी त्यांचाच जातो आणि त्यांच्याबरोबर जुनी घंटा, जुने बाक, जुनी पाटी मोडीत जाते. ही स्मरणिका हाती घेणाऱ्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला विनंती एवढीच, की येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात जुन्या नोंदवह्यांची नक्कल करून घेण्यासाठी एक रक्कम राखून ठेवा, आणि कोणतीही जुनी वस्तू काढून टाकण्याआधी ती कोणाची, कधीची, कशासाठी वापरली, हे चार ओळींत लिहून खाली सही करा.